तांबडीला गीरचं वासरू झालं, त्याची गोष्ट

मी चिमूरकडची. घरी कापूस आणि सोयाबीन, गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस, आणि सगळ्या नात्यागोत्यात जनावरांची डॉक्टर झालेली मी पहिलीच. आरमोरी तालुक्यातल्या एका गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा आईनं सगळ्यात आधी विचारलं, "वाघालेबी सुई मारा लागते का तुले?" वाघ माझ्या वाट्याला कधी आला नाही. वाट्याला आल्या त्या दोन खोल्या, अंगणात जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या ठेवायची नायट्रोजनची टाकी, आणि एक वयस्कर परिचर. त्यांना सारं गाव नुसतं 'भाऊ' म्हणायचं. मीही तेच म्हणायला लागले.

भाऊंची नोकरी संपत आली होती. पंचक्रोशीतली प्रत्येक गाय ते चेहऱ्यानं ओळखायचे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा घोटाळा व्हायचा. दारात कोण आलंय असं विचारलं तर म्हणायचे, "ते नाई का जी, एका शिंगाच्या गाईवाले." मग मी बाहेर जाऊन पाहायची तर सरपंच असायचे.

तिथल्या माझ्या तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या थोडं आधी, वरून पत्र आलं. एक फिरतं पथक गीर गाईचे गर्भ घेऊन येणार होतं. आम्ही आठ गाई तयार ठेवायच्या होत्या. मी पत्र दोनदा वाचलं. कॉलेजात हा विषय आम्हाला पडद्यावरच्या चित्रांवरून शिकवला होता, आणि परीक्षा झाल्यावर मी तो आनंदानं विसरले होते.

"भाऊ, गीरचे गर्भ येणार आहेत आपल्याकडे."

भाऊ खोडा पुसत होते. "गाभन गाई आनून राह्यले का?"

"गाई नाही. नुसते गर्भ. सात दिवसांचे. टाकीत गोठवलेले."

भाऊंनी आमच्या नायट्रोजनच्या टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जिते?"

"जिवंत."

"बाप्पा!" असं म्हणून ते खाली बसले.

गावाला समजावून सांगायला आम्ही ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सभा घेतली. धान कापणीला यायचं होतं, त्यामुळे माणसं बऱ्यापैकी जमली. मी सांगायला सुरुवात केली. एक चांगल्या जातीची, भरपूर दूध देणारी गाय. तिच्या बीजापासून आणि तशाच चांगल्या वळूच्या बीजापासून गर्भ तयार करतात. तो सात दिवसांचा झाला की तुमच्या गाईच्या गर्भाशयात ठेवायचा. पुढचे नऊ महिने तो तिथं वाढतो. मी बोलत गेले तसतसे समोरचे चेहरे रिकामे होत गेले. एकानं जांभई दिली.

ओसरीच्या पायरीवर एक बाई बसली होती. बाजाराहून परत येताना थांबलेली, मासोळीची रिकामी टोपली शेजारी ठेवून. पन्नाशीच्या पुढची, उभट चेहऱ्याची. तळ्यापलीकडच्या टोलीत, लहानशा वस्तीत, राहणारी. तिचे घरधनी तळ्यात मासे धरायचे आणि ती विकायची. ती म्हणाली, "मंग वासरू कोनाचं?"

"गीर गाईचं."

"अन् जनते कोन?"

"तुमची गाय."

"म्हंजे दुसऱ्याचं लेकरू आमच्या गाईनं जनाचं? अन् आपलं काय दिलं तिनं त्याच्यात?"

"रक्त. पोटातली जागा. नंतर दूध. जात मात्र गीरचीच राहते."

ओसरीवर हसू पिकलं. कोणीतरी म्हणालं, मग तर माणसातही असंच करता येईल. मी म्हटलं, करतातच. त्यावर आणखी हसू. सभा हातातून निसटतेय असं मला वाटायला लागलं, तेवढ्यात त्या बाईचे घरधनी मागून उठले. हा माणूस फारसा बोलत नसे. त्यांनी गावाकडे तोंड केलं.

"हसून काय राह्यले? आपन तराव्यात मासोईचं बी टाकतो, ते कुठून येते? तिथी केंद्रावर मासोईले सुई मारतेत, ती अंडे देते, हौदात जिरे, म्हंजे बारीक पिल्लं, होतेत. ते आपन पिशवीत भरून आनतो अन् तराव्यात सोडतो. तराव काई त्याची माय होय? पन वाढोते का नाई?"

मग एक म्हातारा म्हणाला, "हाव जी, बराबर हाय." आणि सगळ्यांना कळलं. माझी अर्ध्या तासाची मेहनत या माणसानं चार वाक्यांत उरकली होती. पुढं कुठल्याही गावात हा विषय सांगायची वेळ आली की मी तळ्यापासूनच सुरुवात करते.

आम्ही आठ गाई निवडल्या. सगळ्या संकरित किंवा चांगल्या थोराड. गीरचं वासरू मोठं असतं आणि आमच्या भागातल्या गाई लहान. चिखलात धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, हलक्या पावलानं चालणारी ही कठाणी जातीची जनावरं अंगानं आटोपशीर. त्यांना मी यादीत घेतलंच नाही. सगळ्या गाईंचा माज एकाच वेळी यावा म्हणून इंजेक्शनं दिली. माज आल्यावर सातव्या दिवशी गर्भ ठेवायचा, कारण गर्भही सात दिवसांचा. एखादा दिवस इकडंतिकडं चालतो, त्याहून जास्त नाही.

पथक आलं तो बाजाराचा दिवस होता. पथकाचे प्रमुख साहेब माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, बारीक, चष्मेवाले, घाटावरचे. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "गाई कुठायत?"

सात होत्या. आठवी सकाळी दोर सोडवून गोहनासोबत, म्हणजे गावच्या गुरांच्या कळपासोबत, जंगलात चरायला निघून गेली होती. तिचा मालक सायकलवरून तिच्या मागं गेला होता, आणि दुपारपर्यंत दोघांचाही पत्ता नव्हता.

साहेबांचं काम पाहण्यासारखं होतं. गाय खोड्यात घ्यायची. शेपटीच्या मुळाशी भूल द्यायची. हात घालून बीजांडकोशावर पिवळा पिंड, म्हणजे माजानंतर उठणारी गाठ, कुठल्या बाजूला आहे ते चाचपायचं, कारण गर्भ गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या फाट्यात ठेवावा लागतो. मग मदतनीस टाकीतून गर्भाची कांडी काढून कोमट पाण्यात धरणार, पुसणार, लांब नळीत बसवणार, आणि साहेब ती नळी हलक्या हातानं आत नेणार. जोर नाही, घाई नाही. एका गाईला जेमतेम दहा मिनिटं. भाऊ शेपटी धरून श्वास रोखून उभे. सात गाई झाल्या तेव्हा ते साहेबांपेक्षा जास्त दमलेले दिसत होते.

एक कांडी उरली. साहेब हात धूत म्हणाले, "राहू दे, परत नेऊ." आणि त्याच वेळी अंगणाच्या फाटकातून ती मासोळीवाली बाई आत आली. मागं दोरीला तिची तांबडी गाय. कठाणीच, पण त्यातल्या त्यात उंच, छातीनं रुंद, कपाळावर पांढरा ठिपका.

"डॉक्टरीन बाई, हिच्यात ठेवा."

"बाई, हिला आपण इंजेक्शन दिलेलं नाही. माज सात दिवसांपूर्वीचा लागतो."

"हप्त्याच्या बाजाराच्या दिवशी माजावर होती. टोपली उचलून निंगाले तं हंबरून राह्यली होती, मले बाजारात जाऊ देईना. आज बाजारच हाय. मोजा तुमी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे. भाऊ म्हणाले, "वळू लागू नाई देल्ला?"

"नाई देल्ला. बांधूनच ठेवली. सभेतच मनात होतं माह्या."

साहेब म्हणाले, लहान आहे. मग म्हणाले, बघायला काय हरकत आहे. त्यांनी हात घातला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "उजव्या बाजूला. काय सुंदर पिंड आहे! आज पाहिलेल्या सगळ्यांत हाच चांगला." हाताच्या अंदाजानं त्यांनी कमरेच्या हाडांमधली जागा पाहिली. बाई म्हणाली, तीन वासरं झाली, एकदाही कोणाला हात लावावा लागला नाही. साहेबांनी हातमोजा बदलला. मग मदतनिसाला म्हणाले, "काढ ती कांडी."

दीड महिन्यानं त्यांचा मदतनीस सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आला. आठपैकी दोनच गाई गाभण निघाल्या. एक सरपंचांची मोठी संकरित गाय, दुसरी तांबडी. मला रडूच यायचं बाकी होतं. माणसं विचारत, काय चुकलं? मी सांगत राहिले की जगात कुठंही प्रत्येक गर्भ टिकत नाही, गोठवलेल्याचं तर आणखी अवघड. पण स्वतःलाच ते पटत नव्हतं. आणि फेब्रुवारीत सरपंचांच्या गाईचाही गर्भ पडला. उरली एकटी तांबडी, जी माझ्या यादीत नव्हतीच.

"आपल्या यादीवर आता काई बोलू नका," भाऊ म्हणाले. पुढचे दोन दिवस ते स्वतःच त्यावर बोलून हसत होते.

मग सुरू झालं तांबडीचं कौतुक. बाईनं तिला गायकीच्या, गावच्या गुराख्याच्या, गोहनात पाठवणं बंद केलं. जंगलात वाघ आहे हे कारण होतंच, ते सगळ्यांच्याच गाईंना लागू होतं, पण बाई म्हणायची, "हिच्या पोटात पाव्हना हाय." तळ्याच्या पाळीवरचं गवत कापून आणून ती गाईपुढं टाकायची. तांबडीला हे मुळीच आवडलं नाही. सकाळी गोहन निघालं की ती हंबरून टोली डोक्यावर घ्यायची. एप्रिलमध्ये एक दिवस तिनं खुंटच उपटला आणि खुंटासकट निघून गेली. बाईनं मला फोन केला, भाऊंना केला, वनरक्षकालाही केला. आम्ही सगळे जंगलाच्या दिशेनं शोधत सुटलो. मी मनातल्या मनात साहेबांना काय सांगायचं ते जुळवत होते.

तांबडी तळ्यात होती. पोटापर्यंत पाण्यात उभी, तोंडात कमळाची पानं. बाईच्या घरधन्यांनी कालच लावलेलं जाळं तिच्या शिंगांत. ते डोंग्यात बसून बांबूनं पाणी मारत तिला काठाकडं वळवत होते आणि ती शांतपणे चघळत होती. जाळं फाटलं होतं. बाई काठावरून ओरडली, "जारं जाऊ द्या! तिले मारू नका!" घरधनी म्हणाले, "मी मारून नाई राह्यलो, तीच मले मारून राह्यली." खरंच, शिंगाच्या एका हिसक्यानं तिनं डोंगा फिरवला आणि ते पाण्यात पडले. कमरेएवढंच पाणी होतं. आम्ही काठावर बसून पोट धरून हसलो. त्या दिवसापासून बाई तांबडीला रोज दुपारी स्वतः तळ्यावर न्यायला लागली आणि हंबरणं थांबलं.

त्या महिन्यांत मी दर पंधरवड्याला टोलीत जायची. तपासणी पाच मिनिटांची, गप्पा तासाभराच्या. एकदा मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही न बोलावता गाय घेऊन कशा काय आलात? बाकीचे तर मनवून मनवून तयार झाले."

ती झिंगे निवडत होती. "माही पोरगी पोंभुर्ण्याले देल्ली हाय, तुमाले मालूम हाय."

"हो, सांगितलंत तुम्ही."

"ते माह्या बहिनीची होय. बहीन बाळंतपनात गेली. पोरगी तीन दिवसाची होती, मी आनली. माह्या पोटी काई झालं नाई. आता ते मले माय म्हनते, तिचे लेकरं मले आजी म्हनतेत." तिनं टोपली हलवली. "तुमी सभेत सांगून राह्यल्या होत्या, लेकरू दुसऱ्याचं, वाढवाचं आपन. मले वाटलं, ह्या कामाची आमच्या घरी सवय हाय."

तिनं उठून चहा ठेवला आणि झिंग्यांची चटणी कागदात बांधून दिली.

जुलैच्या शेवटी, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, भरात असताना, सकाळी नऊच्या सुमारास फोन आला. तांबडीला कळा सुरू होऊन दोन तास झाले होते, पाणी फुटलं होतं, आणि नुसता एक पाय दिसत होता. आदल्या दिवशीच्या पावसानं टोलीच्या रस्त्यावरचा नाला भरून वाहत होता. मी आणि भाऊ सामान घेऊन तळ्याच्या पाळीवर गेलो. बाईचे घरधनी डोंगा घेऊन तिथं उभेच होते.

डोंगा म्हणजे झाडाच्या एकाच बुंध्यात कोरलेली होडी. त्यात सरळ बसलं तर ठीक, मान वळवली तरी डुलते. मी बादली मांडीवर धरून बसले, भाऊ प्रसूतीचे दोर गळ्यात घालून डोळे मिटून. "भाऊ, डोळे उघडा," मी म्हटलं. "तिथी गेल्यावर उघडतो," ते म्हणाले.

तांबडी गोठ्यात आडवी पडली होती. हात घातल्यावर कळलं. डोकं सरळ होतं, एक पाय पुढं, दुसरा गुडघ्यात दुमडून मागं अडकलेला. आणि वासरू मोठं होतं. डोक्यावरून हात फिरवताना लांबच लांब कान हाताला लागला आणि मी नकळत म्हटलं, "गीर आहे!" बाई म्हणाली, "तं दुसरं काय राहीन? तुमीच तं ठेवलं." नंतर मला सांगताही येईना की नऊ महिने माझ्या मनात कुठेतरी भीती होती, की तांबडीनं कुठल्यातरी गावठी वळूला गुपचूप गाठलं असेल.

कळ थांबली की डोकं थोडं मागं ढकलायचं, दुमडलेला पाय शोधायचा, खूर तळहातात झाकून घ्यायचा म्हणजे आतली पिशवी फाटत नाही, आणि मग हळूहळू पाय सरळ करायचा. सांगायला सोपं आहे. माझा हात खांद्यापर्यंत आत होता आणि दर कळेला तो चिमट्यात सापडल्यासारखा व्हायचा. दोनदा खूर हातात आला आणि निसटला. तिसऱ्यांदा आला. पाय सरळ झाला तेव्हा माझ्या बोटांतला जीव गेला होता. मी नुसतं म्हटलं, "दोर." भाऊंनी दोर दिले.

ओढायला माणसं कमी पडली. शेजारच्या बांधीत रोवणा चालू होता. बाईनं हाक मारली आणि चिखलानं माखलेल्या पाच-सहा बाया धावत आल्या. हातात धानाची रोपं तशीच. मी सांगितलं, गाय जोर करेल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं, आणि ओढायचं खालच्या बाजूला. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एकीनं रोवण्याच्या गाण्याचा ताल धरला, त्या तालावर दोर ताणला जाऊ लागला. डोकं आलं, खांदे आले, तिथं अडलं, पुन्हा एक कळ, आणि मग सगळं वासरू एकदम सुटून माझ्या मांडीवर आलं. मी मागच्या मागं शेणात बसले.

नाक साफ केलं, गवताच्या काडीनं नाकपुडीत गुदगुल्या केल्या, छाती चोळली. त्यानं शिंक दिली.

"कालवड हाय!" भाऊ ओरडले. आता त्यांचे डोळे पूर्ण उघडे होते.

लालसर तांबडी, फुगीर गोल कपाळ, आणि कान तर असे लांब, टोकाला दुमडलेले, की रोवण्याच्या बाया ते हातात धरून हसत सुटल्या. "अव माय, ह्याचे कान त पानी पेताना पान्यात पडतीन!" टोलीत गीरचं वासरू आजवर कोणी पाहिलेलंच नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, हे बकरीचं तर नाही ना.

आणि मग सगळ्या पुढं सरकल्या. कारण टोलीत महिनाभर वाद चालू होता की तांबडी हे वासरू घेईल की लाथ मारेल. अर्ध्या टोलीचं म्हणणं, जनावराला वासानं कळतं. मी शंभरदा सांगितलं होतं की गाईला काही कळत नाही, तिच्या पोटातून आलं ते तिचं. तरी त्या क्षणी मीही हात न धुता तिथंच थांबले. बाईनं वासरू उचलून तांबडीच्या तोंडापुढं ठेवलं. तांबडीनं हुंगलं. एकदा कानाला, एकदा पाठीला. मग जीभ बाहेर काढली आणि असं चाटायला लागली की कालवड दोनदा उलटी पडली.

"तिले कोन सांगते?" बाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली.

साहेब महिनाभरानं कालवड पाहायला आले. टोलीत त्यांना घेऊन आम्ही डोंग्यानंच गेलो. भाऊ मात्र रस्त्यानं चालत आले. कालवड अंगणात उड्या मारत होती, कान फडफडत होते. साहेबांनी तिचे पन्नास फोटो काढले. बाईनं खाटेवर चादर टाकली, चहा दिला, मग भातासोबत मरळ मासा. जेवता जेवता साहेब खुलले. आधी गाईला इंजेक्शनं देऊन तिच्या पोटातूनच तयार गर्भ धुऊन काढायचे, ते सांगितलं. आता जगात बहुतेक ठिकाणी सुईनं बीजांडं काढतात आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत गर्भ वाढवतात. शेळ्या-मेंढ्यांतही करतात, घोड्यांतही करतात. ब्राझीलमध्ये तर हा मोठा व्यवसाय आहे, आणि तिथल्या कितीतरी गाई मुळात आपल्याच. गीर आणि ओंगोल. पूर्वी बोटीतून तिकडे गेलेल्या.

बाई लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे आपली गाय तिकडे गेली अन् तिथी तिचं नाव झालं."

"तसंच."

"अन् माह्या तांबडीचं बी कोनी ठेवून राह्यलं का?"

साहेबांचा घास हातात राहिला. "तांबडीचं?"

"हाव. सगळे गीर गीर करून राह्यले. चिखलात औत कोन ओढते? तुमची कालवड ह्या बांधीत उतरून दाखवन का? आमचे बैल उतरतेत. तांबडी उद्या म्हातारी होईन. तिचं बी कुठी हाय?"

साहेब म्हणाले, कठाणी ही स्वतंत्र जात म्हणून आता नोंदली गेली आहे. बाई म्हणाली, नोंद वहीत असते, बी टाकीत असते. मी हसू दाबलं. साहेबांनी नाही दाबलं. ते मोठ्यानं हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "बाई, बरोबर बोलताय. मी बघतो."

आम्हाला वाटलं, जेवणानंतरचं बोलणं आहे, विसरतील. विसरले नाहीत. पुढच्या वर्षी पथकाची गाडी पुन्हा आली, या वेळी सुईनं बीजांडं काढायचं सामान घेऊन. गावोगाव फिरून मी आणि भाऊंनी चांगल्या कठाणी गाई हेरून ठेवल्या होत्या. आता यादी करताना मी भाऊंना आधी विचारत होते. पहिली गाय अर्थात तांबडी. पडद्यावर तिच्या बीजांडकोशातले काळे गोल दिसायला लागले तेव्हा बाईनं घरधन्यांना पुढं ओढलं. "पाहा, मासोईच्या अंड्यावानी!" घरधनी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कमी हायेत." खरं होतं. थोडीच निघाली. त्यांतून, कठाणीच वळूच्या बीजानं, प्रयोगशाळेत तीन गर्भ तयार झाले.

दरम्यान भाऊ निवृत्त झाले आणि माझी बदली पोंभुर्ण्याकडं झाली. जाण्याआधी साहेबांनी मला प्रशिक्षणाला बोलावून घेतलं होतं. तीन आठवडे मी त्यांच्या हाताखाली फक्त गर्भ ठेवायचा सराव केला. त्यामुळे तांबडीच्या तीन गर्भांपैकी एक टाकीत राखून दोन मी स्वतःच्या हातानं ठेवले, पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात, दोन संकरित गाईंत. एक टिकला नाही. दुसरा टिकला.

त्या गाईचे दिवस भरले तेव्हा मी सगळी तयारी ठेवली होती. दोर, साबण, औषधं, हातमोजे, सलाइन, सगळं पिशवीत. सकाळी तिच्या मालकाचा फोन आला की गाय अस्वस्थ आहे. मी निघाले. वाटेत रानडुकरांचा कळप आडवा गेला, पाच मिनिटं थांबावं लागलं. गोठ्याशी पोचले तर मालक दारात उभा, ओशाळलेला.

"मॅडम, झालं जी."

"काय झालं?"

"मी चहा ठेवाले गेलो अन् येऊन पाहतो तं झालं. लहानसंच हाय. सर्रकन् आलं."

अंगणात मोठ्या काळ्या-पांढऱ्या गाईच्या पायांत एवढंसं तांबडं वासरू उभं होतं, कपाळावर पांढरा ठिपका, आणि धडका मारमारून दूध पीत होतं. गोऱ्हा होता. मला जरा वाईट वाटलं, कारण जात वाढवायला कालवड हवी होती. मालकाचा चेहरा मात्र फुलला होता. त्याला औताला बैल हवा होता आणि कठाणी बैल मिळेनासे झाले होते. पिशवीतून हातमोजेसुद्धा न काढता मी चहा प्यायले.

तिथूनच बाईला फोन लावला. ती आरमोरीच्या बाजारात होती, मागं गलका ऐकू येत होता. मी बातमी सांगितली. ती फोन कानाशी धरूनच ओरडली, "माह्या तांबडीले पोंभुर्ण्यात गोऱ्हा झाला वं!"

कुठलीतरी गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अव, तांबडी त सकारी तराव्यावर दिसली मले. पोंभुर्ण्यात कशी झाली?"

"थांब," बाई म्हणाली, "तुले सांगतो. ते मासोई खाली ठेव आधी." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सुई, काचेची ताटली, टाकी, दुसऱ्या गाईचं पोट, सगळं ओळीनं. फोन बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही, आणि मी बंद केला नाही. मध्ये आणखी दोघीतिघी थांबल्याचं ऐकू आलं, कोणीतरी विचारलं की शेळीतही होतं का, आणि बाईनं त्याचंही बरोबर उत्तर दिलं.